हिवाळ्याचे सरपण आणि निजायच्या खोलीतील शेगडी

गोव्याकडील वाचकांना या लेखाचे हसू येईल. तेथे नाताळात अंगावर एक चादर ओढली की भागते. बेळगावकरांना पहाटेची शेकोटी पुरते. परंतु ग्वाल्हेर, मोरार, झाशी या बाजूला जी मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत, त्यांना डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतची थंडी काय असते ते सांगावयास नको. रात्रीचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, उत्तरेकडून लाट आली की त्याच्याही खाली जातो, आणि धुके पडले म्हणजे दोन-दोन दिवस ऊन दृष्टीस पडत नाही. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या जाड दगडी भिंती आता थंडी धरून बसतात. अशा घरात म्हाताऱ्या माणसांना, तान्ह्या मुलांना आणि बाळंतिणींना ऊब ही हवीच.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हापासून खेड्यांतही गॅसचे सिलिंडर पोचले आणि पुष्कळ घरांतील स्वयंपाक चुलीवरून उतरला. ऊब मात्र अजून लाकडाचीच आहे. विजेच्या हीटरचे बिल परवडत नाही, आणि ऐन थंडीच्या रात्री वीज गेली तर हीटर असून नसून सारखाच. तेव्हा सरपण जाळू नका असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते कसे जाळावे आणि कोठे जाळावे एवढेच सांगावयाचे आहे. आपण ओले लाकूड जाळतो, त्यात पैसा जातो. आणि धूर ओसरला म्हणजे भीती गेली असे समजून शेगडी आत घेतो व दार लावून निजतो, त्यात जीव जातो. हे दुसरे आधी सांगतो.

आमच्याच घरातील गोष्ट आहे. माझ्या वहिनीचे पहिले बाळंतपण जानेवारीत, लष्करच्या एका जुन्या वाड्यात झाले. माजघरालगतची अंधारी खोली, तिला एकच खिडकी. वारा लागू नये म्हणून आईने खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि दाराला गोधडी टांगली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तीत ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. सगळे रीतीप्रमाणे. चौथ्या दिवसापासून वहिनीचे डोके सकाळी ठणकू लागले. मळमळ सुटली, पायांत जोर राहिना. बाळ नीट पिईना, नुसते झोपून राही. कोणी म्हणाले अशक्तपणा, कोणी म्हणाले दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. दुपारी खोली झाडण्यासाठी दार उघडत आणि वहिनी ओसरीवर उन्हात येऊन बसे, तेव्हा डोके उतरे. रात्री पुन्हा शेगडी, सकाळी पुन्हा तेच. हे इतके सरळ होते, पण आठ दिवस आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. आठव्या रात्री आई सोबतीला तेथे निजली आणि पहाटे उठून बाहेर येताना उंबरठ्यावरच कोसळली. तपासण्यास आलेल्या नर्सबाईंनी खोलीत पाऊल ठेवले ते थेट खिडकीकडे गेल्या आणि पहिल्याप्रथम चिंध्या ओढून काढल्या. मग शेगडी अंगणात गेली. दोन दिवसांत बाळ पोटभर पिऊ लागले. दाराखाली बोटभर फट होती, ती बुजवायची राहून गेली होती. त्या विसराळूपणामुळे तो माझा पुतण्या आज दोन मुलांचा बाप आहे.

झाले काय होते? लाकूड किंवा कोळसा जळताना त्याला पुरेशी हवा मिळाली नाही, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू उचलून शरीरभर पोचविते. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. एकदा जागा अडविली की सोडत नाही. साध्या हवेत त्यातील अर्धा भाग रक्तातून निघून जाण्यास चार-पाच तास लागतात. पोटातील बाळ, तान्हे मूल आणि हृदयविकाराचा रोगी यांना याची बाधा सर्वांत लवकर होते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. डोके दुखण्याआधीच गुंगी चढते.

आपल्याकडे एक ठाम समजूत आहे की धूर वाईट, निखारे निर्धोक. गोष्ट नेमकी उलटी आहे. धूर निदान खोकला आणून माणसाला जागे करतो, दार उघडायला लावतो. लालबुंद निखाऱ्यांत धूर नसतो आणि हा वायू मात्र भरपूर असतो. कोळशांवर कधीकधी लहान लहान निळ्या ज्वाला नाचताना दिसतात ना? तो हाच वायू वर येऊन पेटलेला असतो. जो पेटत नाही तो खोलीत पसरतो. राखेखाली झाकलेला विस्तवही रात्रभर तो सोडीत राहतो.

दुसरी समजूत अशी की शेगडीजवळ पाण्याची बादली ठेवली म्हणजे पाणी ‘गॅस’ ओढून घेते. भल्या शिकलेल्या घरांत मी ही बादली पाहिली आहे. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बादलीने खोलीतील हवा थोडी दमट होईल, कोरडा घसा बरा वाटेल, याउपर काही नाही.

तिसरी समजूत नवी आहे. २०२० च्या कोरोनाच्या साथीपासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. कोणाला शेगडीने चक्कर आली की ते बोटाला लावतात आणि ९८ आकडा पाहून निर्धास्त होतात. हे साधे यंत्र प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन आणि हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांतील फरक ओळखू शकत नाही. माणूस बेशुद्ध पडत असतानाही ते चांगला आकडा दाखवील. अशा वेळी आकड्यावर विसंबू नये.

खूण ओळखावयाची ती अशी : सकाळी डोके जड, मळमळ, चक्कर, पण ताप नाही; घरातील एकाला नव्हे तर त्या खोलीत निजलेल्या सर्वांनाच थोडेबहुत तेच; आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर उतार. असे दिसले की औषध शोधू नका, शेगडी शोधा. कोणी उठत नसेल तर दारे-खिडक्या उघडून त्याला ताबडतोब बाहेर आणावे. स्वतः आत रेंगाळू नये, कारण वाचविणाराही पडतो. कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात वेळ घालवू नये, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, चहा काही घालू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा व छाती दाबावी. १०८ ला फोन करावा. आणि डॉक्टरांना न विसरता सांगावे की खोलीत शेगडी होती; नाहीतर अपचन किंवा फ्लू समजून उपचार होतात आणि ज्या प्राणवायूने माणूस सावरायचा तोच द्यावयाचा राहून जातो. माणूस शुद्धीवर आला, चहा प्याला, म्हणून परत आणू नये. या बाधेनंतर विस्मरण किंवा चालण्यातील अडखळ काही आठवड्यांनीही दिसू शकते.

मग बाळंतिणीने काय करावे? शेक घ्यावा, जरूर घ्यावा, पण दार उघडे असताना आणि जागेपणी. शेगडी अंगणात पेटवून, आत आणून, दार व समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवून अर्धा तास खोली उबदार करावी आणि कोणी डोळा मिटण्याआधी ती पुन्हा अंगणात जावी. धुरी तर बाळाच्या नाकाशी नकोच. अंथरुणासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी, किंवा चुलीजवळ तापवून जाड फडक्यात गुंडाळलेली वीट ठेवावी व बाळाला निजविण्यापूर्वी काढून घ्यावी. बाळाला टोपरे-मोजे घालून आईने उघड्या छातीशी धरावे आणि वरून दोघांवर एकच पांघरूण घ्यावे. एवढ्याशा जिवाला याहून चांगली ऊब कोणतीच शेगडी देत नाही. कमी वजनाच्या बाळांसाठी दवाखान्यांतही आता हेच करतात. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा आटोपून काकडत घरी आलेल्यांनीही हेच ध्यानात धरावे. त्या रात्री दमणूक असते, शेगडी कोपऱ्यात तशीच राहते आणि सगळे निजून जातात.

आता शेगडीच्या बाजूने एक खरे बोलले पाहिजे. तिची सारीच्या सारी ऊब खोलीत राहते, म्हणून ती इतकी प्रिय आहे. पण ऊब खोलीत राहते कारण तिचा वायूही खोलीतच राहतो. धुराडे लावले की वायू जातो आणि त्याबरोबर थोडी ऊबही जाते. मोरार किंवा महू छावणीतील जुन्या बंगल्यांत भिंतीतल्या शेकोट्या आहेत. दिसायला मोठ्या रुबाबदार, पण त्यांच्या उघड्या तोंडातून उबेचा बहुतेक भाग धुराड्यावाटे आकाशात जातो, वर खोलीतील तापलेली हवाही ओढली जाते. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते. काश्मीरची बुखारी आणि हिमाचलातील लोखंडी तंदूर यांनी यातून वाट काढली. बंद लोखंडी पेटी, पुढे लहान दार, हवेसाठी झडप आणि मागून छपराबाहेर जाणारा नळ. पेटी आणि नळ तापून निम्म्याहून अधिक ऊब खोलीला देतात व वायू बाहेर जातो. आपल्याकडचा कोणताही वेल्डिंगवाला जाड पत्र्याची अशी पेटी करून देईल. मात्र ती विटा आणि वाळूच्या थरावर ठेवावी. लाकडी खांब, पडदे, अंथरुणे नळापासून दीड फुटाच्या आत नकोत. नळ छपराबाहेर किमान तीन फूट वर काढावा आणि दहा फुटांच्या आत छपराचा कणा उंच असेल तर त्याच्याही वर दोन फूट न्यावा, नाहीतर वारा धूर परत आत लोटतो. नळाच्या सांध्यांतून धूर गळू देऊ नये. पहिली आग अंगणात करावी, म्हणजे पत्र्यावरचे तेल-रंग बाहेरच जळून जाते. आणि अशी पेटी असली तरी हवा यायला खिडकीची फट हवीच. जी हवा नळातून जाते ती कोठून तरी आत आली पाहिजे.

ज्यांच्या घरी अजून मातीची चूल आहे त्यांना एवढाही खर्च नको. हिवाळ्यात घरातील सर्वांत उबदार जागा स्वयंपाकघर असते, सगळे तेथेच सरकतात. तेव्हा चुलीलाच धुराडे बसवावे. ही कल्पना नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी मातीची बिनधुराची चूल बनविली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिकाही लिहिली. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ पर्यंत चालला. पुष्कळ गावांत त्या चुली दोन वर्षांत मोडल्या, कारण धुराडे साफ करावयाचे असते हे कोणी सांगितलेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साठी केलेला अंदाज असा की घरातील धुरामुळे जगात वर्षाला ३२ लाख माणसे दगावतात. त्यात चुलीपुढे बसणाऱ्या बायका आणि त्यांच्या मांडीवरची मुले पुष्कळ.

धुराडे तुंबते ते ओल्या लाकडाने. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. दहा किलो असे लाकूड चुलीत घातले तर त्यातील पाच किलो पाण्याची आधी वाफ करावी लागते, आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे सहाशे किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. तीन हजार किलोकॅलरी अशा फुकट गेल्या. त्याहून मोठे नुकसान असे की आग गार राहते, लाकूड नीट जळण्याऐवजी धुमसते, आणि न जळलेला धूर नळात थंड होऊन डांबरासारखी काजळी धरतो. ही काजळी पुढे एखाद्या दिवशी पेटते आणि छपराला आग लागते. हिवाळ्यात महिन्यातून एकदा नळ उतरवून काठीला चिंध्या बांधून साफ करावा.

वखारीत सरपण वजनावर मिळते, तेव्हा ओले लाकूड घेणारा पाण्याचे पैसे मोजतो. हिशेब करून पाहा. शंभर किलो लाकडात चाळीस किलो पाणी असेल तर खरे लाकूड साठच किलो. तेच पुरते सुकले की काट्यावर सत्तर किलो भरते. तीस किलो पाणी विकत घेतले म्हणावयाचे. सुके लाकूड ओळखणे कठीण नाही. टोकांना चिरा पडलेल्या असतात, साल हाताने सुटते, दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर ठणठणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. माझी युक्ती अशी : रास लावताना एका ढलपीवर गेरूने खूण करून तिचे वजन लिहून ठेवावयाचे आणि दर महिन्याला तीच तोलावयाची. वजन उतरेनासे झाले की सरपण तयार.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याला आपण शिव्या देतो, पण लाकूड सुकविण्यास याहून चांगली भट्टी नाही. हिवाळ्यात तोडलेले लाकूड होळीपूर्वी मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्यांत फोडून रचून ठेवले, तर चैत्र-वैशाखाच्या लूने पावसाळ्याआधी सुकते. ओंडके तसेच ठेवले तर बाभळीसारखे घट्ट लाकूड वर्षातही आतून सुकत नाही. रास दोन विटांवर फळ्या टाकून जमिनीपासून उचलावी, घराच्या भिंतीला चिकटवू नये, नाहीतर वाळवी थेट चौकटीत शिरते. पावसाळ्यात वरून पत्रा टाकावा, बाजू उघड्या ठेवाव्या. चहूकडून प्लास्टिक गुंडाळणारे लोक लाकूड कुजवितात. राशीत हात घालण्याआधी काठीने खडखडवावे. विंचू-सापांनाही ती जागा आवडते.

लाकडांत बाभूळ, शिसव, खैर ही निखारा धरणारी, आंबा मध्यम, सावर पेटते भरभर आणि विझतेही तशीच. तुराट्या पेटविण्यापुरत्या उत्तम. शिवपुरीकडची करधई जळते सुरेख, पण ते जंगलातील झाड आहे, हळू वाढते, त्याला हात लावू नये. तोडावयाचीच असेल तर वेडी बाभूळ तोडा. चंबळच्या बेहडांत जमीन वाहून जाऊ नये म्हणून १९८० च्या सुमारास विमानातून बी टाकून तिची लागवड केली गेली. आता ती बांधांवर, कुरणांत शिरून बसली आहे. कितीही तोडली तरी बुंध्यातून फुटते आणि सरपण चांगले देते. काटा मात्र वाईट; जखम साबणाने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. कण्हेर आणि बिब्बा यांचे लाकूड कधीही जाळू नये, धूर विषारी असतो. रंगाची फळकुटे, प्लायवूड, प्लास्टिकही नको. गोवऱ्यांचे म्हणाल तर त्या धुमसतात फार, आणि चुलीत गेलेले शेण शेतात जात नाही.

किती सरपण लागेल? दहा बाय बाराच्या खोलीत लोखंडी पेटीत सुके लाकूड संध्याकाळचे चार तास जाळले तर सुमारे चार किलो लागावे. साठ रात्रींचे अडीच क्विंटल होते. मोठा ओंडका रात्रभर धुमसत ठेवण्यापेक्षा लहान, चांगली पेटती आग करावी, खिडकीच्या फटी निजण्यापूर्वी नव्हे तर विझविल्यानंतर बुजवाव्या, आणि पांघरुणांवर भिस्त ठेवावी.

राहिली राख. ती पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत काढून बादली घराबाहेर दगडावर ठेवावी; वरून थंड दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही इंगळ जिवंत असतो. प्लास्टिकच्या टोपलीत किंवा उकिरड्यावर ओतू नये. राखेत पालाश आणि चुना असतो, नत्र नसते. कोकण-गोव्याच्या आंबट तांबड्या मातीत नारळाच्या आळ्यांना ती मानवते. आमच्याकडे चोपण जमिनी आहेत, तेथे टाकू नये. इतरत्र भाजीच्या वाफ्याला मूठ-मूठ पुरे. युरिया किंवा ताज्या शेणखतात मिसळू नये, त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते.